विमानतळापासून रोह्यापर्यंत

बाई, तुमचा मुलगा पुढच्या बुधवारी येतोय. विमानतळावर त्याला आणायला मीच जाणार, पेणहून गाडी काढून. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, आणि त्या दिवशी मी केलेला हिशेब अजून कुणालाच सांगितलेला नाही.

भूगोलाच्या तासाला तुम्ही दोन शहरांतलं अंतर काढायला लावायचात. मी नकाशावर पट्टी ठेवली, तुमच्या मुलानं पृथ्वीगोलावर दोरा ताणला. तुम्ही मला म्हणालात, "नकाशा सपाट असतो, पृथ्वी नाय. ड्रायव्हर झालास तर लोकांना कुठं नेऊन सोडशील?" वर्ग खो खो हसला. झालोही ड्रायव्हरच. पहिली गाडी घेतली तेव्हा तुम्ही पोहे, गूळ, खोबऱ्याचा मलिदा करून स्वतः घेऊन आलात आणि बॉनेटवर हात ठेवून हळूच प्रार्थना म्हटलीत. त्याच गाडीनं तुमच्या ज्यू आळीतलं एकेक घर मी विमानतळावर सोडलं, सगळी इस्रायलला गेली. तुमचा मुलगाही गेला. तुम्ही राहिलात.

दर शुक्रवारी मी रोह्याला तुमच्या घरी नारळ घेऊन यायचो. दिवेलागणीच्या आत तुमचा स्वयंपाक उरकलेला असायचा, तुम्ही पदराला हात पुसत म्हणायचात, "आठच तासांचं तर विमान हाय रे. कधीपन येईल." अकरा वर्षं हेच ऐकलं. बाई, मला तुमच्या मुलाचा राग यायचा, फार राग यायचा. शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, "तो येईस्तोवर मला ठेवा. त्याच्या हातची माती पडू दे."

सकाळी तुम्ही गेलात. त्याचा फोन आला, संध्याकाळचं विमान मिळालंय, पहाटे मुंबईत उतरतो, आईला थांबवा. तुमच्यात त्याच दिवशी दफन करायची रीत, तरी अलिबागहून आलेले तुमचे चुलते म्हणाले, "सकाळपर्यंत थांबू, पण दुपार नको. तू रोजचा रस्त्यावरचा माणूस, रोह्याला कधी पोचेल सांग." सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "वडखळला दोन दिवस ट्राफिक तुंबलंय, उद्याही तसंच असेल. दुपार होईल." चुलत्यांनी मान हलवली. ऊन उतरायच्या आत तुम्हाला नेलं. तुमच्या माणसांनंतर मीही मूठभर माती टाकली, आणि त्या क्षणी मला, खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला घेतलं. आईला आदल्या दिवशीच माती दिली, हे त्याला फोनवर कळलं होतं. वडखळ नाका रिकामा होता. आदल्या दिवशीही रिकामाच होता, मी सकाळीच तिथून आलो होतो. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "रस्ता बरा मोकळा मिळाला." मी म्हणालो, "व्हय, नशीब." अडीच तासांत रोहा आलं. तुमच्यावरची माती अजून ओली होती. तो तिथं गुडघ्यावर बसला आणि शाळेतल्या पोरासारखा हुंदके देऊन रडला. मी गाडीपाशी उभा राहिलो.

तो मला अजून भाऊ म्हणतो. आईला शेवटी तू होतास, म्हणतो. अकरा वर्षं तो का आला नाही, हे मी कधी विचारलं नाही, विचारायचा हक्क माझ्या हातानंच घालवला. बाई, हे पत्र मी त्याला लिहायला बसलो होतो. पहिल्या ओळीवर हात अडला, म्हणून तुमच्या नावानं सुरू केलं.