उंटांचा चारा

उतुआदो, ८ जानेवारी

प्रिय आई,

वर गावाचं नाव वाचून दचकू नकोस. कारमीन मावशीकडे आलोय. कॉलेजला सुट्टी आहे. तुझा गुडघा कसा आहे? नाताळला परीक्षेमुळे जमलं नाही. आशीर्वाद पत्राच्या सुरुवातीलाच मागायचा असतो, पण या वेळी शेवटी मागतो. फोनवर मी भडकतो आणि मध्येच ठेवून देतो, म्हणून हे पत्र.

मावशी दिवसभर कॉफीच्या कारखान्यात, त्यामुळे तिची यामारी माझ्या गळ्यात. पोर आठ वर्षांची, जीभ ऐंशीची. दात घास म्हटलं की "का?" अभ्यास कर म्हटलं की "आधी तू कर, दादा." मी ओरडलो की ती माझ्या वरताण ओरडते. मावशी म्हणते, "मुलं ऐकलेलं करत नाहीत रे, बघितलेलं करतात." मला टोमणा कळतो, पण जेवण तिच्याच घरचं आहे.

शेवटी मी सहा तारखेच्या पहाटे उंटांवरून पोरांना भेटी आणणाऱ्या तीन राजांना मध्ये घातलं. "जी पोरं ऐकत नाहीत, त्यांनी आदल्या रात्री खोक्यात ठेवलेल्या गवताला राजांचे उंट तोंडही लावत नाहीत, मग भेट कसली." दोन दिवस घरात शांतता. मग पाच तारखेला सकाळी तिनं विचारलं, "उंटांना कुठलं गवत आवडतं?" मी तेव्हा खिडकीतून समोरच्या नाशालीकडे बघत होतो. (तिच्याबद्दल खाली येतंच आहे.) म्हटलं, "गल्लीतलं सगळ्यात चांगलं."

गल्लीतलं सगळ्यात चांगलं हिरवं म्हणजे नाशालीच्या वडिलांचा, विल्फ्रेदोकाकांचा, कोथिंबिरीच्या वासाच्या रेकाओचा वाफा. सणाच्या तुरीच्या भातात घालायला अख्खी गल्ली तिथूनच पानं नेते. पोरीनं कात्रीनं वाफा साफ भादरला. खोकं गच्च भरलं आणि उरलेलं माझ्या बुटांत कोंबलं, उंट तीन असतात म्हणून.

मी असा तापलो की काय सांगू. "आत्ताच्या आत्ता जायचं आणि सगळं कबूल करायचं. खरं बोलून कुणी मरत नाही." वाक्य तुझं होतं, आवाजही तुझाच निघाला. सोबत मीही गेलो, केस विंचरून.

तिनं सगळं सांगितलं. काका म्हणाले, "उंटांना चव कळते म्हणायची. वाफा पुन्हा उगवेपर्यंत रोज पाणी तू घालायचं." मग माझ्याकडे वळले. "आणि तुमचं काय शिक्षण चालू आहे?"

नाशाली दारात उभी होती. मी छाती काढून म्हटलं, "इंजिनीअरिंग, दुसरं वर्ष. वर्ग संगणकावरच असतात."

यामारीनं माझा शर्ट ओढला. "दादा, खरं बोलून कुणी मरत नाही."

आई, मी सप्टेंबरातच कॉलेज सोडलं. सरांशी भांडलो, वही त्यांच्या टेबलावर आपटून बाहेर पडलो, आणि परत जायची लाज वाटली. नाशालीला गेल्या उन्हाळ्यात इथे पाहिलं होतं, म्हणून मायाग्वेसच्या कॉलेजातून थेट इथेच आलो. मावशीला मी शपथ घातली होती, तिच्यावर रागावू नकोस.

हे सगळं तिथे अंगणात बोलून टाकलं. नाशालीनं एवढंच विचारलं, "आईला सांगितलंस?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतोस?" म्हणाली आणि आत गेली.

सहा तारखेला सकाळी राजांनी यामारीसाठी पाण्याची झारी ठेवली होती. माझ्या बुटात एक रिकामं पाकीट, तिकीट लावलेलं, वर आपल्या पोन्सेच्या घराचा पत्ता. राजांचं अक्षर अगदी मावशीसारखं आहे. तरी मला दोन दिवस लागले.

यामारी शेजारी झारी धरून उभी आहे. वरची सुट्टीची आणि परीक्षेची ओळ खोड म्हणते. मी खोडत नाही. सवय किती मुरली आहे ते तुला दिसू दे.

रविवारी येतो. बाबांना मीच सांगेन, तू आधी सांगू नकोस. दार उघडलंस की पोटभर रागाव. ते झालं की मग आशीर्वाद दे, आई. मागायची हिंमत आत्ता झाली आहे.

तुझा,
एलिएल