दुसरी ओळ खोडताना

ता. ९ सप्टेंबर

ती. दादास,

नमस्कार. साष्टांग घालायला वेळ नाही आणि इच्छाही नाही. इकडे सर्व ठीक, म्हणजे माझ्यापुरतं. वहिनीचा खोकला कसा आहे? मी विचारलंय म्हणून सांग. तू ऑफिसात शेजारच्याच काचेआड बसतोस, तरी पत्र लिहितेय, कारण समोर बोलायला लागले की तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस.

चौकशी समितीसाठी तू केलेला मसुदा वाचला. 'कनिष्ठ सहकाऱ्याच्या गुंतागुंतीच्या लिखाणामुळे ग्राहकांचे डेटाबेस पुसले गेले.' कनिष्ठ सहकारी म्हणजे मी. भाषा झकास जमलीये. सही तेवढी माझी हवी.

मग काय घडलं ते एकदा वाच, कारण विभागप्रमुख असूनही तुला ते कळलेलं नाही. आपण फाइलीत ग्राहक लिहितो आणि मशीन प्रत्येकाचा डेटाबेस उभा करतं. विक्रीवाल्यांकडून येते ती साधी यादी. मी तिचा मॅप, नाववार तक्ता, करून घ्यायचे, म्हणजे प्रत्येक डेटाबेस ग्राहकाच्या नावाने ओळखला जायचा. एका ओळीचं काम रे ते. तू चारचौघांत म्हणालास, "हे काय अगम्य लिहून ठेवलंयस? सरळ एक, दोन, तीन कर की." आणि नव्या ग्राहकांची फाइल स्वतः लिहिलीस, नंबरांची. केवढा मिरवलास.

गेल्या आठवड्यात चष्म्याचं दुकान आपल्याला सोडून गेलं. तू यादीतली दुसरी ओळ खोडलीस. झालं. तिसरा दुसरा झाला, चौथा तिसरा. मशीनला ओळख फक्त नंबराची, म्हणून त्याने तिथून पुढचं सगळं पाडलं आणि सरकलेल्या नावांनी कोरं बांधलं. एक्स-रे लॅब, वाचनालय, बालवाडी, सगळे रिकामे. पाडण्याआधी काय काय पाडणार ते त्याने तुला लिहून दाखवलं होतं आणि करू का म्हणून विचारलंही होतं. तू हो म्हणालास. वाचायचे कष्ट तुला कधी झेपलेत?

बॅकअपवरून मी सगळं परत उभं केलं. लॅबचे त्या दिवशीचे रिपोर्ट मात्र गेले ते गेलेच. तुझं तेव्हा डोकं दुखत होतं म्हणे. मग ती फाइल नावांवर नेली आणि कुठला जुना नंबर म्हणजे कुठलं नाव तेही लिहून दिलं, म्हणजे मशीन काहीही न पाडता समजून घेतं. तुला समजावत बसत नाही.

काल आईचा फोन आला. तूच करायला लावलास, हे लगेच कळलं. 'इन्क्वायरी' हा शब्द तिचा नव्हे. म्हणाली, "त्याने तुला नोकरीला चिकटवलं, एवढी तरी जाण ठेव. कर सही. तुला काय, टायपिंगचं काम कुठेही मिळेल."

टायपिंग. इतकी वर्षं तू तिला हे सांगत आलास तर. परीक्षा देऊन लागले मी, तुझी बदली इथे व्हायच्या आधी. मी फोन बंद केला. नंतर चहा ठेवला आणि गॅसपाशी उभी राहून रडले. तुझ्यासारख्या माणसापायी रडू यावं, याचा मला अजून राग येतो.

सही केलेली नाही. तुझी मूळ नंबरांची फाइल, जशीच्या तशी, आज सकाळी चौकशी समितीला दिली. तुझी खुर्ची जाईल बहुतेक. मला वाईट वाटेल अशी भीती होती, पण वाटलं नाही.

एकच काम सांगते. मी काय करते ते आईला तू सांग. मी सांगितलं तर ती तुला फोन करून विचारेल, ही म्हणते ते खरं का. तेवढं माझ्याच्याने ऐकवणार नाही.

कळावे. लोभ होता.

तुझी बहीण