दोन गाण्यांच्या मधलं बोलणं

आई, ती कॅसेट अजून माझ्याकडेच आहे. मामाने बोटीवरून येताना आणलेली, अमेरिकेतल्या कुठल्याशा मैदानातल्या कार्यक्रमाची, सुरुवातीपासून शेवटपर्यंत लोकांच्या आरडाओरड्याने भरलेली. गिटारवाला साउथचा आहे म्हटल्यावर तू विचारलंस, "म्हणजे मद्रासी का गं?" नेरूळच्या आपल्या वन-रूम-किचनमध्ये मी दर रविवारी ती लावायचे. दिवाळे गावातून मासे आणणारी मावशी पाटी उतरवता उतरवता म्हणायची, "बाय, यो कोन वरडतंय? कुनाला लागलं काय?" तू हसायचीस, पण बंद कर म्हणायची नाहीस. भावाने आणलेली होती ना.

मला तेव्हा घरात चैन पडत नव्हतं. बंगलोरच्या नोकरीचं पत्र येऊन पडलेलं, बाबा "तुझी आई म्हणेल तसं" म्हणून पेपरात तोंड घालून बसलेले, आणि तुझं एकच, "तुर्भ्याला काय नोकऱ्या नाहीत? एकटी मुलगी तिकडे राहणार कुठे?" मी नुसती खोलीतून गॅलरीत, गॅलरीतून खोलीत. "बूड टेकव कुठेतरी," तू ओरडायचीस.

एका रविवारी तू कोलंबीतला काळा दोरा काढतेयस आणि मध्येच थांबतेस. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला एका गाण्यानंतर गिटार बंद होते, तो माणूस हळू आवाजात बराच वेळ बोलतो, लोक हसतात, मग टाळ्या. "काय म्हणतोय गं?" त्याच्या त्या चघळलेल्या इंग्रजीतलं मला अक्षर कळत नव्हतं. तसं सांगायची लाज वाटली, आणि तेवढ्यात सुचलं. म्हटलं, "तो म्हणतोय, आई आधी नको म्हणत होती, पण शेवटी तिनेच बॅग भरून दिली, म्हणून आज इथे उभा आहे." तू हात धुतलेस, पदराला पुसलेस. "परत लाव ते." मी परत लावलं. मग तू विचारलंस, "आणि आता तो जातो का गं आईकडे?" मी म्हटलं, "हो तर. प्रत्येक सणाला."

आठवड्याभरात तू माळ्यावरून मामाची जुनी बॅग काढलीस, लोणच्याची बरणी तीन पिशव्यांत गुंडाळलीस. शेजारच्या काकूंना म्हणालीस, "त्या गिटारवाल्याच्या आईने नाही का पाठवलं?" मी ते ऐकलं, तरी बॅग उचललीच.

पहिल्या दिवाळीला आले. गणपतीला एकदा. मग रजा नाही, तिकीट नाही, फोनवर "पुढच्या वेळी नक्की". तू गेलीस त्या दिवशी मी पोचेपर्यंत दुपार झाली होती, आणि दार काकूंनी उघडलं.

आता ते इंग्रजी कळतं. परवा कानाला हेडफोन लावून नीट ऐकलं. त्याची तार तुटलीय. नवी लावेपर्यंत थांबा, एवढंच सांगतोय, आणि कुणाकडे तरी पाणी मागतोय. आईचा उल्लेखसुद्धा नाही. तेव्हापासून पुन्हा माझ्या खोलीतून गॅलरीत फेऱ्या चालू आहेत, आणि बूड टेकव म्हणायला कुणी नाही.

हा कागद घडी करून कॅसेटच्या डबीत ठेवतेय. थाप मारली म्हणून तू मला माफ केलंही असतंस. पण त्या रविवारी, तो आईकडे जातो का असं तू विचारलंस ना, तेव्हा तू त्याच्याबद्दल विचारत नव्हतीस. हे मला तेव्हाच कळलं होतं.