बावीसशे वॅट आणि उरलेले ग्लास

२७ जून
वाशीमहून परत. शेषरावांची शुगर पुन्हा वाढली. तीन महिन्यांची सरासरी नऊच्या वर. डॉक्टर म्हणाले, ऑक्टोबरपर्यंत उतरली नाही तर इन्सुलिन. सुई म्हटल्यावर शेषराव पांढरे पडले. माझा नवरा, जन्मभर एसटीच्या इंजिनाखाली झोपून काम केलेला माणूस, एका सुईला घाबरतो.

बसस्टँडवर मी पाण्याची बाटली घ्यायला वळले तेवढ्यात त्यांनी जिलबी घेतली. जाब विचारला. म्हणाले, "आखरीची हाये व." मागच्या खेपेचीही आखरीचीच होती.

ठरले. या घराचे खाणे आजपासून माझ्या ताब्यात. टेलिफोन ऑफिसात मी सुपरवायझर होते. अख्ख्या तालुक्याचा ट्रंक कॉल माझ्या परवानगीने लागत असे. चार माणसांची पोटे म्हणजे काय मोठे!

२९ जून
दिवसभर व्हिडिओ पाहिले. निष्कर्ष: हाय-पॉवर ब्लेंडर. बावीसशे वॅट.

सूनबाई म्हणाली, घरात मिक्सर आहे की. मी रूपाला शांतपणे समजावले की मिक्सर वाटतो, ब्लेंडर भाजीच्या पेशी फोडतो. ती म्हणाली, "बरं आई." या मुलीच्या "बरं"वर माझा कधीच विश्वास नव्हता.

लिलाबाई, माझ्या मोठ्या जाऊबाई, शेजारीच राहतात आणि भिंतीपलीकडून सगळे ऐकतात. त्यांनी वॅट ऐकले आणि म्हणाल्या, "एवढ्यात त पिठाची चक्की चालते व माय!" सहावी शिकलेल्या बाईशी मी विजेवर वाद घालत नाही.

ऑर्डर केला. किंमत इथे लिहीत नाही. वही कोणाच्याही हाती लागू शकते.

५ जुलै
आला. कुरिअरवाला आमच्या गावी, केनवडला यायला तयार नव्हता, रिसोडला येऊन घेऊन जा म्हणाला. मी त्याच्याशी इंग्रजीत बोलले. त्याने फोन ठेवला. शेवटी अश्वजितने मोटरसायकलवर आणला. आणताना माझा मुलगा म्हणाला, "आई, याले लायसन लागते काय?" जेवणानंतर माहितीपुस्तिका सर्वांना मोठ्याने वाचून दाखवली. स्नेहा सातव्या पानावर झोपली. आठवीतली नात. या पिढीला चिकाटी नाही.

६ जुलै, सकाळ
पालक, दुधी, शेवग्याचा पाला, काकडी, आले. बटण दाबले. पंखा मंद झाला, पत्र्यावरची कबुतरे उडाली, लिलाबाई हातातली पोळी घेऊन धावत आल्या. त्यांना वाटले मोटर जळाली.

रंग अप्रतिम. चौघांनीही अर्धा-अर्धा ग्लास ठेवला. पहिला दिवस आहे, सवय होईल. उरलेले मी संपवले. अमरावतीच्या आमच्या कॉन्व्हेंटच्या मेसमध्ये सिस्टर फिलोमिना ताटात एक शीत ठेवू देत नसत. अन्न टाकणे मला जमत नाही.

९ जुलै
परिणाम सुरू! शेषराव सकाळी सहालाच उठून वावरात गेले. दोन वर्षांत पानटपरीच्या पुढे पायी न गेलेला माणूस. कुठे निघालात विचारले, तर म्हणाले, "सोयाबीनवर अळी हाये." अळी दरवर्षी असते. ऊर्जा यंदा आहे.

त्यांचा ग्लास झाकून ठेवला होता. अकराला आले, बघून म्हणाले, "आता त्यात जीव राह्यला नसन." बरोबर आहे. वीस मिनिटांनी जीवनसत्त्वे जातात. फुकट जाऊ नये म्हणून मी प्यायले.

१७ जुलै
आज मन भरून आले. दुपारी डोळा लागला होता. झोपेत ब्लेंडरचा आवाज. उठून पाहते तो शेषराव जार धुऊन पालथा घालत होते. काय केले विचारले. म्हणाले, "थोडसं केलं." स्वतःहून! आणि धुतला! लग्न झाल्यापासून स्वतःची कपबशी न विसळलेला माणूस. बदल असा आतून येतो.

२१ जुलै
आजचा स्मूदी कडू. साहित्य तेच. स्नेहा पहिल्याच घोटाला ओरडली, "आजी, जहर हाये हे!" तिला भाषेबद्दल बोलले. अश्वजित म्हणाला, उशीर होतो, आणि ग्लास ठेवून गेला. रूपा म्हणाली, "छान आहे आई," आणि तीही ठेवून गेली.

व्हिडिओ पाहिले. कडवटपणा म्हणजे पोषण. म्हणजे आता कुठे पेशी पूर्ण फुटू लागल्या. यंत्र बसायला पंधरा दिवस लागले असावेत.

उरलेले मी घेतले. चार ग्लास आणि माझा एक.

२४ जुलै
मुलांच्या जिभेसाठी तडजोड. तीन केळी, मूठभर खजूर, गुळाचा मोठा खडा. फळातली साखर ही साखर नसते. गूळ म्हणजे तर लोह. चव आता पुष्कळ बरी. फक्त मागून कडू लागते.

तरी ग्लास उरतातच. शेषरावांचा तर पूर्ण. ते वावरात.

९ ऑगस्ट, श्रावण पौर्णिमा
बुद्धविहारात वर्षावासाचे, पावसाळ्यातले ग्रंथवाचन चालू आहे. पौर्णिमेला बायका खीर नेतात. दरवर्षी तीच शेवयांची, साखरेत बुडालेली. मी यंदा स्मूदी नेला. मोठा कॅन भरून. वाचनानंतर उभी राहून पाच मिनिटे पोषणावर बोलले. एकही जण उठून गेला नाही.

सर्वांनी एकेक घोट घेतला. मागच्या ओळीतला म्हातारा भिवाजी म्हणाला, "बाई, हे जनावराले पाजाचं हाये की मानसाले?" लिलाबाई हसता हसता खाली बसल्या. खीर सगळी संपली. कॅन परत आणला. फ्रिजमध्ये जागा नव्हती. दोन दिवसांत मीच संपवीन.

२२ ऑगस्ट
शेषरावांची पँट सैल. पट्ट्याला खिळ्याने नवे भोक पाडत बसले होते. मी नुसते ब्लेंडरकडे पाहिले.

माझे ब्लाउज मात्र घट्ट. रिसोडचा टेलर कापड चोरतो. त्याला फोनवर बोलले. म्हणाला, "बाई, ते त तुमी मागच्या दिवाईत शिवले." म्हणजे दिवाळीतही चोरले होते.

तहान फार लागते. तांबेच्या तांबे पाणी जाते. रात्री तीन-तीनदा उठावे लागते. विषद्रव्ये बाहेर पडत आहेत.

३० ऑगस्ट


दुपारी पडले होते. लिलाबाईंनी खिडकीतून हाक मारली, "झाल्या काय व निंबोळ्या दळून? माह्या बी आनल्या." हातात पिशवी. मी म्हटले, कसल्या निंबोळ्या? त्यांनी पिशवी पाठीमागे घेतली. लिलाबाई काही लपवतात तेव्हा ते भयंकर असते.

स्वयंपाकघरात गेले. माझ्या जारमध्ये पिवळट भुकटी. कडू वास. शेषराव झाकण दाबून उभे. बटण चालू.

सगळे उघडकीला आले. सोयाबीनच्या अळीला निंबोळी अर्क मारायचा. वाळल्या निंबोळ्या खलबत्त्यात कुटायला अर्धा दिवस जातो. माझ्या ब्लेंडरमध्ये एक मिनिट. भुकटी रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्याने गाळायची, पंपात भरून फवारायची. पंप पाठीवर. वावर दोन किलोमीटर. रोज.

विचारले, कधीपासून? म्हणाले, जुलै. विचारले, धूत नव्हतात? म्हणाले, "दोन पान्यानं धुतो व. त्याचा कडूपना जातच नाई."

म्हणजे कडू का लागते हे यांना माहीत होते! विचारले, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "तू म्हने पौष्टिक हाये. म्या काय बोलू?"

वर लिलाबाई म्हणतात, "भाऊजीच्या वावरात एक अळी नाई पाहा. मशीन लय चांगली हाये."

म्हणजे मी दुपारी झोपले की अख्खी गल्ली दळून नेत होती. पेशी फुटल्या त्या निंबोळ्यांच्या.

२ सप्टेंबर
शेषरावांशी अबोला. त्यांच्या लक्षात आलेले नाही. सांगण्यासाठी बोलावे लागले.

५ सप्टेंबर
विचार करून निर्णय. शास्त्र चुकले नव्हते, जार चुकला. नवा जार मागवला. जुना त्यांना दिला. ओसरीत ठेवलाय. दुपारी मशीनही तिथे जाते आणि रांग लागते.

केळी-खजूर मात्र सुरूच ठेवणार. सवय झाली आहे. मुलांना, म्हणजे.

१८ सप्टेंबर
नवा जार, कडूपणा शून्य. चव उत्कृष्ट. आता कारण उरले नाही. तरी अश्वजितला उशीर, स्नेहाचे पोट दुखते, रूपा "नंतर घेते आई", शेषराव वावरात. आता तुरीवर फवारणी म्हणे. पाच ग्लास मांडले, पाच धुतले. मधले काही लिहायला नको.

२८ सप्टेंबर
शनिवारी वाशीम. रिपोर्ट उत्तम येणार याबद्दल शंका नाही. माझीही तपासणी करून घेणार आहे. तुलनेसाठी. रोज नियमाने पाच ग्लास घेणाऱ्या निरोगी माणसाचा आकडा शेजारी ठेवला की शेषरावांना कळेल कुठे पोचायचे ते.

४ ऑक्टोबर
लॅबवाल्यांनी नळ्या बदलल्या. शेषराव ६.७, मी ८.८.

मी काउंटरवर स्पष्ट सांगितले, हे शक्य नाही. इंग्रजीत सांगितले. पोरगा म्हणाला, मॅडम, पुन्हा रक्त घेतो. घेतले. दोन तास बाकावर बसलो. शेषराव शेंगदाणे खात होते, मला विचारलेही नाही. पुन्हा ८.८.

डॉक्टर खूश. माझ्यावर नव्हे. शेषरावांना विचारले, काय केले? म्हणाले, "फवारनी." डॉक्टर म्हणाले, सुई नको, हेच चालू ठेवा, चालणे सोडू नका. शेषरावांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. तीन महिने हा माणूस सुईच्या भीतीने पंप वाहत होता. मला वाटले अळीच्या.

मग डॉक्टरांनी मला विचारले, तुम्ही काय घेता? मी म्हटले, एक ग्लास स्मूदी. हिरवा. त्यात काय? सांगितले. खजूर ऐकून त्यांनी पेन खाली ठेवले. किती ग्लास? मी म्हटले, एक. तेव्हा शेषराव मध्ये बोलले. डॉक्टरांसमोर कधी तोंड न उघडणारे शेषराव. "एक तिचा, अन् चार आमचे."

गोळ्या सुरू. गोड बंद. रोज चालणे. तीन महिन्यांनी पुन्हा.

बसस्टँडवर जिलबीच्या गाडीपुढून आम्ही दोघे सरळ निघून आलो. शेषराव म्हणाले, "आखरीची घ्यायची काय?" मी बसमध्ये चढले.

६ ऑक्टोबर
उद्यापासून पहाटे वावरात. पंप घेणार नाही असे आधीच बजावले. शेषराव म्हणाले, "बिनापंपाची चाल."

संध्याकाळी जुन्या मिक्सरवर त्यांनी स्वतः कारल्याचा रस केला आणि माझ्यासमोर ठेवून कमरेवर हात ठेवून उभे राहिले. अगदी माझ्यासारखे. सर्वांसमोर. स्नेहा म्हणाली, "पी आजी, पौष्टिक हाये."

अर्धा प्यायले. उरलेला समोर ठेवला आणि वाट पाहिली. अश्वजितने पाहिले. स्नेहाने पाहिले. शेषरावांनी पट्टा सारखा केला. कोणी हात पुढे केला नाही.

शेवटी रूपा आली. ग्लास उचलला, मोरीत ओतला, विसळला, पालथा ठेवला. जेवायला वाढले.

मोरी तिथेच होती. जुलैपासून.