आईला थडग्यांची सवय लावताना

सोहार (ओमान), शनिवार

प्रिय आशुतोष,

थोरल्या बहिणीचे भरपूर आशीर्वाद. तू आणि वल्लरी खुशाल असाल. नसलात तरी फोनवर 'मस्त चाललंय' असंच म्हणाल.

इंग्लंडात चर्चच्या आवाराला खेटून घर घेतलंस आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून तीनशे वर्षांची दगडी थडगी दिसतात, हे आईला सांगायचं काम मात्र माझ्या गळ्यात मारलंस. 'पुढच्या महिन्यात ती इकडे येण्याआधी तिला थडग्यांची थोडी सवय लाव,' म्हणे! तर लावली. शुक्रवारी प्रसादच्या फॅक्टरीतल्या शरीफभाईंच्या गाडीतून (रत्नागिरीचे, आई त्यांना जावयापेक्षा जास्त मानते) आई, मी आणि तिचा जावई प्रसाद असे तीन तास जाऊन इथल्याच अल-ऐनला पोचलो. तिथे टेकडीवर पाच हजार वर्षांपूर्वीची दगडी थडगी ओळीने उभी आहेत. आईला मी 'जुनं बांधकाम' एवढंच सांगितलं होतं (खोटं कुठे बोलले?). तिने एका भिंतीच्या सावलीत बैठक मारली, थालीपीठं वाढली आणि दगडावर थाप मारून म्हणाली की चुन्याशिवाय एवढं टिकलंय, आमच्या सोसायटीच्या बिल्डरला आणून दाखवा. शरीफभाई भाबडेपणाने म्हणाले, "आई, घरं कसली, पुरान्या कबरी ह्या!"

घास तिच्या हातातच राहिला. परतीचे तीन तास एकाच गाडीत चौघांनी एकमेकांना शिवायचं नाही, असा हुकूम निघाला. पाच हजार वर्षांपूर्वी गेलेल्याचं सुतक किती दिवस, हे विचारायला तिने पुण्याच्या गुरुजींना फोन लावला, तर त्यांनी मृताचं गोत्र विचारलं. शेवटी घरात शिरण्याआधी अंघोळ, यावर तडजोड झाली. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये, गाड्या धुवायच्या नळीखाली, अंगावरच्या कपड्यांनिशी आम्ही चौघं भिजलो. (शरीफभाई "खलास ना आई, आता जाऊ?" असं विचारून निथळत घरी गेले.)

तेव्हा तूच विचार कर. तुझ्याकडे खिडकी उघडली की अंघोळ, आणि तीही तिथल्या थंडीत!

तुझी,
नूतनताई

ता. क. खरं सांगू? तिचं तिकीट रद्द कर. दोन महिने झाले, ऑफिसातून आले की दारातच कुणीतरी 'जेवलीस का?' विचारतं. मला तिला पाठवायचंच नाही.

ता. क. २. चि. आशुतोष, पत्र उघडंच होतं, मी वाचलं. अंघोळ ही रीत आहे, भीती नव्हे. तुझ्या घराशेजारी काय आहे ते मला तू पत्ता पाठवलास त्याच दिवशी फोनवरच्या नकाशात दिसलं होतं. तू कधी सांगतोस याची वाट पाहत होते. तिकीट रद्द करू नकोस, मी येते. पण नूतन बाथरूमचा नळ सोडून रडते आहे. आधी तिला फोन कर.

— आई