इंजिनावर फोडलेला नारळ

४ डिसेंबर २००६, सोमवार
दोरी ओढताना यांचा खांदा पुन्हा निखळला. आमच्या डोंग्याचं, म्हणजे या होडीचं, इंजिन सासऱ्यांनी धरणाच्या साहेबांकडून लिलावात घेतलेलं. दोरीला जोरात हिसका दिला तरच ठिणगी पडते, नाहीतर नुसती खरखर. लोक कापसाची गाठोडी घेऊन पलीकडे जायला काठावर ताटकळले. हात कुणी लावला नाही, तमाशा बघायला मात्र सगळे पुढे.
सरपंच नानाभाऊ म्हणाले, "जो दोरी ओढून इंजन चालू करन, घाटावर डोंगा त्याचाच चालन. नियम हाय." हा नियम कधी झाला? काल, त्यांच्या ओसरीवर! स्वतःच्या साळ्याला घाट द्यायचाय, आंधळ्यालाही दिसतं.
मी ओढून पाहिली. इंजिन ढिम्म.

७ डिसें.
इंजिन एस्टीच्या टपावर घालून बाभुळगावला. रफीकभाई मिस्त्रींनी उघडलं. "भाभी, याचा ठिणगी पाडनारा मॅग्नेटो थकला. स्कूटरची कॉइल लावतो, ब्याटरीवर. मंग हळू ओढा, तरी ठिणगी कडक पडन."
दुकानातलं एक गिऱ्हाईक मधेच, "डोंगा बाई चालवन का?"
म्हटलं, "बाई दिवसभर कापूस वेचते, तवा नाही विचारत कोनी!" घरी येईपर्यंत राग उतरला नाही.

१३ डिसें.
चालू झालं!! दुसऱ्या ओढीला, तेही डाव्या हातानं. हे काठावर बसून हसले. किती दिवसांनी.
बॅटरी लाइट असेल तेव्हा चार्ज करायची. लाइट येते तिच्या मर्जीनं. बघू.
सरपंच ना.भा. पारावर म्हणाले म्हणे, "कापसाले भाव नाही, अन् हिले ब्याटरीची हौस." भाव मी पाडला का?

१७ डिसें., रविवार
अंगाचा तिळपापड झालाय. आज सगळ्या गावासमोर त्या नियमाची परीक्षा. कॉइल कशी लावली ते लोकांना दाखवायला मी झाकण उघडं ठेवलेलं. ना.भा. नारळ घेऊन हजर. नवं काम, पूजा नको? "भाऊ, थांबा" म्हणेपर्यंत इंजिनाच्या डोक्यावरच फोडला! पाणी कॉइलवर, चाकाखालच्या ठिणगीच्या पॉइंटमध्ये, सगळीकडे. वरून हळदकुंकू.
ओढते, ओढते. हूं नाही की चूं नाही.
"पाहा, म्या म्हनलं होतं," ना.भा. "बाईमानसाचं काम नोहे."
सासूबाईसुद्धा, "नारळ फोडूनही चालू नाही झालं, मंजे देवालेच मंजूर नसन." अहो, नारळ फोडला म्हणूनच नाही झालं! पण देवाच्या नावानं केलेल्याला बोलायची सोय नाही. खोबरं मात्र सगळ्यांनी वाटून खाल्लं. मलाही दिलं. मी पाण्यात फेकलं.

१९ डिसें.
पॉइंट पुसले, घासले, उन्हात वाळवले. पहिल्याच ओढीला चालू. बघायला कोण? दोन बगळे.
ना.भां.कडे गेले. "परीक्षा एकदाच होते, बाई. आता मिटिंगीत ठरवू." जेवण गेलं नाही. हे म्हणतात, "जाऊ दे." काय जाऊ दे? डोंगा गेला तर हे एका हातानं काय करणार, मजुरी?

२१ डिसें.
मिटिंग आज, पलीकडच्या गावात. पंचायतीचं ऑफिस तिकडे. रस्त्यानं जायचं तर अख्ख्या धरणाला वळसा. ना.भां.च्या साळ्याचा डोंगा अजून यायचाच आहे. सकाळी काठावर ना.भा., कडक इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी. पिशवीत नारळ.
म्हटलं, "भाऊ, नारळ मांडीवरच राहू द्या."
झाकण बंद केलं, दोरी ओढली. एका ओढीत चालू. ते पाण्याकडे बघत बसले. मध्यावर आल्यावर म्हणाले, "आवाज बरा हाय."
आता आत माझ्या डोंग्याचा निकाल लावणं चाललंय. मी बाहेर डोंग्यातच बसून हे लिहिते आहे. आवाज चढलेत, ना.भां.चा सगळ्यात मोठा.
बोला म्हणावं. घरी मात्र याच डोंग्यातून जायचंय.