लापशीचा गूळ

बाबा, परवा मी वाइन प्यायले. सत्तरी ओलांडल्यावर, भर थंडीत, चारचौघांत, उभ्याउभ्या. तुम्ही असता तर आधी मायकडे चोरून पाहिलं असतं आणि मग हसला असता. लेक परदेशात राहतो, त्याच्या गावी तळ्याकाठी जुनी बाजारपेठ आहे. तिथे हिवाळ्यात एक दिवस लोक तिकीट काढून दुकानोदुकानी चव घेत फिरतात. एका दुकानात चॉकलेटचा तुकडा, पुढच्यात घोटभर वाइन, की लागले पुढच्या रस्त्याला. सून हौसेने घेऊन गेली. दर दुकानाच्या दाराशी पाण्याचे पेले मांडलेले. ती म्हणाली, आई, आधी चूळ भरा, म्हणजे मागची चव पुढच्या चवीत मिसळत नाही. मला हे कुणी शिकवायला नको होतं. पेला हातात घेतला आणि तसाच धरून राहिले. तिला वाटलं, गारठ्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आपल्या लोणारलाही तळं होतंच की. खाली खोल, खारं, हिरवट पाण्याचं, आणि वारा फिरला की त्याचा उग्र वास थेट आपल्या स्वयंपाकघरात. एका पावसाळ्यात तुम्हाला मोठा ताप आला, त्यातून उठलात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसून म्हणालात, लई दिवस झाले, तळ्याचा वास नाही आला. मायने भाकरी थापायची थांबवली. वास तर घरभर होता. मग तिने तुमच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, मग मीठ ठेवलं. तुम्ही दोन्ही सारखंच चघळलंत. पंचक्रोशीत लग्नाचा आचारी म्हणून तुमचं नाव, मेहकरपासून बोलावणी यायची, आणि तुमची जीभ अशी गेली. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची. मायने मला जवळ ओढून सांगितलं, हे घराबाहेर जाता कामा नये.

गेलंही नाही, कारण तुमच्या धंद्याची रीतच तशी होती. नैवेद्य दाखवल्याशिवाय आचाऱ्याने पदार्थ चाखायचा नाही. मीठ-मसाला सगळा हाताच्या अंदाजाने, आणि तुमचा हात काही तापाने गेला नव्हता. जीभ लागायची ती फक्त बाजारात. लग्नाआधी माल आचाऱ्याने चाखून निवडायचा, मग यजमानाची बैलगाडी येऊन तो उचलायची. त्या हिवाळ्यात तुम्ही मला सोबत न्यायला लागलात. लोक म्हणत, महाराजांनी पोरीला भारी लाडावलंय. खांद्यावर उपरणं, एका हातात तळ्यावरच्या धारेच्या, म्हणजे झऱ्याच्या, गोड पाण्याचा तांब्या, खिशात फुटाणे, दुसऱ्या हातात मी. तूपवाला, डाळवाला, तेलवाला, शेवटी गूळ. तुम्ही चिमूट तोंडात टाकायचात, चिमूट माझ्या तळहातावर ठेवायचात, डोळे मिटून मान हलवायचात. काय सुंदर सोंग होतं, बाबा. माल चांगला असला की मी म्हणायचं, बाबा, अजून. वाईट असला की तुमचं धोतर धरायचं. तेवढ्यावर तुम्ही मोठ्या रुबाबात सांगायचात, हे तूप कढवताना लागलंय, ही डाळ जुनी आहे. मला तेव्हा जी ऐट वाटायची, ती पुढे नोकरी लागली तेव्हाही वाटली नाही.

नियम दोनच होते. दर दुकानानंतर फुटाणे खाऊन चूळ भरायची. आणि दुसरा तुम्ही रोज निघताना सांगायचात, "सारा बजार झाल्याबिगर तोंडात दुसरं काई घालजो नको, बाई. तुही जीभ म्हंजे माही जीभ हाये."

मार्गशीर्षातलं ते मोठं लग्न. नवं राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, दारूबंदी कडक होती, आणि बाजाराच्या अर्ध्या वाटेवर वैद्यबुवांचं दुकान होतं. तापात औषध त्यांचंच होतं, म्हणून घराबाहेर तुमचं गुपित एकट्या त्यांनाच ठाऊक. ते तुम्हाला आत बसवून द्राक्षासवाचे दोन चमचे द्यायचे आणि म्हणायचे, सरकारनं दारू बंद केली, आमच्या द्राक्षांचं काय करणार? तुम्ही तो घोट जिभेवर कितीतरी वेळ धरून बसायचात. "लागते काय?" ते विचारायचे. तुम्ही म्हणायचात, लागल्यासारखं वाटते थोडं. खोटं बोलताना तुम्ही नेहमी उपरण्याने तोंड पुसायचात. त्या दिवशी तुम्ही असेच डोळे मिटून बसला होतात आणि वैद्यबुवांची मुंबईची सून पडद्याआडून बाहेर आली. तिने चांदीच्या कागदातला एक काळपट तुकडा माझ्या हातात दिला. मला चॉकलेट म्हणजे काय ते ऐकूनही माहीत नव्हतं. मी तो गालात ठेवला. आधी कडू, मग गोड, मग काहीतरी असं की त्याला आपल्याकडे शब्दच नाही. चावायचं नाही, असं मी ठरवलं. जितकं टिकेल तितकं टिकवायचं.

तुम्ही उठलात आणि आपण गुळाच्या दुकानाशी आलो. तुम्ही तांब्यातून माझ्या ओंजळीत पाणी ओतलंत. मी तोंड वळवलं, ओंजळ ओठांना लावली आणि पाणी तसंच खाली सोडून दिलं. गूळ दिसायला सोन्यासारखा. तुम्ही खडा चघळलात, मला दिलात, मान हलवलीत आणि माझ्याकडे पाहिलंत. मी म्हटलं, बाबा, अजून.

खाऱ्या रानातला ऊस होता तो. नव्या राज्यातल्या शाळेत मी विज्ञान शिकले तेव्हा कळलं की अशा उसाचा गूळ रंगाने फसवतो आणि जिभेवर खारट उतरतो. पण त्याला शाळा कशाला? लग्नाच्या पहिल्या पंगतीला कळलं. लापशीच्या दोन मोठ्या डेगी, वरून तूप, नैवेद्य झालेला. वरपक्षाकडच्या म्हाताऱ्याने पहिला घास घेतला आणि हात तसाच पानावर ठेवला. मग शेजारच्याने. सगळी पंगत थांबली. कुणीतरी विचारलं, "महाराज, लापशीत मीठ पडलं काय?" मागे बायका हसल्या. तुम्ही डेगीतून घास घेतलात आणि सगळ्यांसमोर चघळत उभे राहिलात. बाबा, तुम्हाला तेव्हाही काहीच लागत नव्हतं. लोक हसतात ते कशाला, हे तुम्ही त्यांच्या तोंडाकडे पाहून ओळखत होतात. मग तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी खाली पाहिलं.

"चूक माहीच हाये," तुम्ही म्हणालात. "माही जीभ गेली. मले चव लागत नाई." जे माय आणि मी जिवापाड झाकलं होतं, ते तुम्ही भर मांडवात स्वतःच्या तोंडाने सांगून टाकलंत. माझं नाव घेतलं नाहीत.

त्यानंतर तुम्हाला कुणी बोलावलं नाही. तुमच्याच हाताखाली शिकलेल्या माणसाच्या हाताखाली तुम्ही कणीक मळलीत, वांगी चिरलीत, बारा वर्षं. मला एकदा रागावला असता तर बरं झालं असतं. एक थोबाडीत मारली असती तर मी सगळं ओकून मोकळी झाले असते. पण त्या दिवशी मांडवातून घरी येताना तुम्ही वाटेत नुसतं विचारलंत, "तुले खारट नाई लागलं काय, बाई?" मी म्हटलं, नाही. तुम्ही थांबलात. मला वाटलं, कळलं. पण तुमचा चेहरा भीतीने उतरला होता. तुम्ही समजलात की तुमचंच दुखणं मला लागलं.

दुसऱ्या दिवशी मला वैद्यबुवांकडे नेलंत. त्या हिवाळ्यापासून रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात मला द्राक्षासवाचा चमचा मिळायला लागला. स्वतःचा तुम्ही बंद केलात. बाटली एकाचीच परवडत होती. गोड, आंबट, थोडं जिभेला चावणारं, मला सगळं लागायचं. दर वेळी तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहत विचारायचात, लागते काय? मी म्हणायची, थोडी. पहिल्याच दिवशी सगळी लागते म्हटलं असतं, तर मग त्या दिवशी काय झालं होतं असं तुम्ही विचारलं असतंत. म्हणून मी दर वर्षी थोडी थोडी बरी होत गेले. माझं लग्न ठरेपर्यंत पूर्ण बरी झाले. तुम्ही सुटकेचा श्वास टाकलात आणि म्हणालात, माह्यामुळे गेली होती, परत आली, देव पावला. शेवटच्या दुखण्यातसुद्धा मी आणलेल्या पेजेचा चमचा आधी मला चाखायला लावलात. पेजेत मीठ आहे की नाही, ते तुम्हाला नको होतं. माझी जीभ जागेवर आहे ना, एवढंच पाहायचं होतं.

हे लिहून मी कुठे पाठवणार? सुनेने विचारलं, काय लिहिता? म्हटलं, सामानाची यादी. ती यादीच्याच वहीत राहील. मी इतकी वर्षं स्वतःला समजावत आले की चॉकलेटने जीभ झाकली होती, मला कळलंच नाही, लहान होते. परवा त्या तळ्याकाठी, पाण्याचा पेला हातात धरून उभी असताना तेही सरलं. खारट लागलं होतं, बाबा. पुसट, पण लागलं होतं. चूळ भरली असती तर नीट कळलं असतं, पण चॉकलेट वाहून गेलं असतं.